आवाज जाणार नाही

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारतळाला लागून एक गाळा आहे. वर पाटी : 'शेखलाल साऊंड सर्व्हिस'. आणि खाली लाल अक्षरांत, जरा तोऱ्यातच : 'आवाज जाणार नाही'.

पाटी शेखलालनं स्वतः उभं राहून रंगवून घेतली होती. शेखलाल गेला, पाटी राहिली, आणि तिच्यावरचा शब्द पाळायचं काम पोराच्या, म्हणजे इम्तियाजच्या गळ्यात पडलं. त्यानं ते सत्तावीस वर्षं पाळलं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत लग्न असो, कीर्तन असो, प्रचारसभा असो नाहीतर शाळेचं गॅदरिंग, इम्तियाजचा माईक कधी मेला नाही. मांडवगण फराट्याच्या एका लग्नात डीपी उडाला, मांडवभर अंधार झाला, मामानं नवरीऐवजी करवलीचाच हात धरून तिला बोहल्यावर नेलं. पण भटजींचं 'सावधान' मधेच तुटलं नाही. बॅटरीला जोड बॅटरी, वायरीला जोड वायर, माईकला जोड माईक. बायको खुर्शिद म्हणायची, "घरात मिठाची बरणी एक, ती बी फुटकी. आन् दुकानात वायरीला सवत!"

साऊंडवाल्याचं एक बरं असतं. त्याच्याकडं कुणी बघत नाही, त्यामुळं त्याला सगळ्यांकडं बघता येतं. मिक्सरशेजारी इम्तियाजची एक वही असायची. वहीत नाव आणि मिनिटं, बाकी काही नाही. ही सवय शेखलालची. बॅटरी किती पुरेल याचा अंदाज यावा म्हणून तो कोण किती बोललं ते लिहून ठेवायचा. पोराला त्याच वहीतून माणसं वाचता यायला लागली. 'दोनच शब्द बोलतो' म्हणणारा सरासरी अठरा मिनिटं घेतो. 'खरं तर मी बोलणार नव्हतो' म्हणणारा बावीस. आणि 'माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे' असं म्हणून जो पाण्याचा घोट घेतो, तो उभा राहिला की इम्तियाज जनरेटरमधलं डिझेल बघून यायचा.

या वहीत सगळ्यात वर नाव होतं वरवंडच्या बापूसाहेबांचं. माजी सरपंच, दूध संस्थेचे चेअरमन, आणि ज्याला म्हणून अध्यक्ष लागतो त्या प्रत्येक गोष्टीचे अध्यक्ष. सरासरी अडतीस मिनिटं. माणूस मोठ्या मनाचा. पंगतीत उशिरा आलेल्याला स्वतःच्या ताटावरून उठून जागा देईल. फक्त माईक देणार नाही.

समृद्धी ही या बापूसाहेबांची नात. ती त्यांना आबा म्हणायची.

तिची आणि इम्तियाजची ओळख गॅदरिंगमधली. पोरगी तेव्हा नऊ वर्षांची. त्या दिवशी शाळेत बेचाळीस नाच होते आणि बेचाळिसांनी इम्तियाजला एकच गोष्ट सांगितली होती, "अजून वाढवा." मग ही आली. दोन वेण्या, हातात हिच्या मापाचं लहान व्हायोलिन. थेट मिक्सरपाशी येऊन म्हणाली,

"मामा, आवाज कमी करा."

इम्तियाजला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं कुणी म्हटलं नव्हतं.

"किती कमी?"

तिनं पालथा पंजा हवेत धरला आणि हळूहळू खाली आणला. इम्तियाजनं बटण खाली आणलं. पंजा अजून खाली. बटण अजून खाली. शेवटी स्पीकरमधून जेमतेम श्वासाएवढा आवाज राहिला तेव्हा पंजा थांबला.

"आता माझा ऐकू येईल," ती म्हणाली आणि पळाली.

इम्तियाजनं त्या दिवशी वहीत लिहिलं : समृद्धी, चार मिनिटं. पुढं कंसात लिहिलं : पुरली नाहीत.

व्हायोलिन तिला दौंडला सापडलं होतं. सुट्टीत मावशीकडं गेली असताना शेजारच्या घरातून काहीतरी ऐकू आलं, आणि पोरीनं जाऊन कडी वाजवली. दार उघडलं अनुपमाबाईंनी. त्यांचे मिस्टर रेल्वेत ड्रायव्हर; बाईंचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. दर वीस मिनिटांनी गाडी जायची आणि शिकवणी थांबायची. पण बाई गाडीवर कधी चिडल्या नाहीत. त्यांनी शिट्टीलाच कामाला लावलं. शिट्टी वाजली की विचारायच्या, "बोल, कुठल्या सुरात गेली?" पोरीनं तो सूर तारेवर शोधायचा आणि तिथून वाट काढत आपल्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर यायचं. दौंड जंक्शनच्या गाड्या काही एका सुरात जात नाहीत. त्यामुळं पोरीचा कान असा तयार झाला की घरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी ती आईला सूर सांगायची, आणि आई सांगायची, "सूर राहू दे, गॅस बंद कर."

मग पोरगी चढत गेली. इम्तियाज जमेल तिथं स्वतः साऊंड घेऊन जायचा आणि मिनिटांबरोबर ऐकणारी डोकीही मोजायचा. पहिल्या कार्यक्रमाला सात, त्यातली चार घरची. दौंडच्या गणेश मंडळात तीस, त्यातली वीस प्रसादासाठी थांबलेली. सोळाव्या वर्षी पुण्यात स्पर्धेत पहिली आली तेव्हा दीडशे, आणि प्रसाद नसताना. अठराव्या वर्षी आकाशवाणीची परीक्षा पास. मग धारवाड, मग इंदूर. एकोणिसाव्या वर्षी पेपरात फोटो आला, आणि बापूसाहेबांनी तो लॅमिनेट करून दूध संस्थेत वजनकाट्याच्या वर लावला.

दर पायरीला बापूसाहेब नातीचा सत्कार करायचे. शाल, श्रीफळ, फेटा, आणि भाषणं. असे अकरा सत्कार झाले. इम्तियाजनं एकदा निवांत बसून बेरीज मारली होती : समृद्धीच्या सत्कारांत लोक बोलले नऊ तास चाळीस मिनिटं. समृद्धीनं वाजवलं एकावन्न मिनिटं.

ही बेरीज त्यानं कुणाला दाखवली नाही. धंद्याचं असतं ते झाकून ठेवावं.

*

नोव्हेंबरात तिचा फोन आला.

"मामा, आबांना कळलं."

"काय कळलं?"

"गोवईकर सर येणारेत ते."

"मग?"

"मग काय. मंडप."

इम्तियाजनं डोक्याला हात लावला.

गोवईकर म्हणजे पुण्याच्या एका जुन्या संगीत सभेचे कारभारी. जानेवारीतल्या त्यांच्या महोत्सवात दरवर्षी एकाच नव्या कलावंताला जागा मिळते. तिथं ज्याचं नाव लागतं त्याला मग वर्षभर कुणी 'तुम्ही काय वाजवता?' असं विचारत नाही. गोवईकरांनी समृद्धीचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. पण रेकॉर्डिंगवर ते माणूस घेत नसत. "कापून जोडलेलं असतं," म्हणायचे. "समोर बसून, एक राग, सलग अर्धा तास. त्याशिवाय नाही." सोमवारी यादी छापायला जाणार होती. रविवारी ते सोलापूरला लग्नाला निघाले होते, दौंडहून संध्याकाळची गाडी. ठरलं होतं ते एवढंच की जाता जाता दौंडला अनुपमाबाईंच्या घरी चहा घ्यायचा, अर्धा तास ऐकायचं आणि गाडी पकडायची.

हे बापूसाहेबांच्या कानावर गेलं. पुण्याचा पाहुणा आपल्या नातीला ऐकायला येतो आणि नुसता चहा पिऊन जातो? गाव शेण घालील तोंडात. त्यांनी स्वतः फोन करून गोवईकरांची वाट वाकडी केली. पुण्याहून मोटारनं वरवंडला या, तिथनं दौंड हाकेवर. कार्यक्रम साडेतीनला, सहाला आमची गाडी निघंल, तुम्हाला स्टेशनात सोडंल. गोवईकर सभ्य माणूस. त्यांना वाटलं, अडीच तास म्हणजे भरपूर.

त्यांनी वही वाचलेली नव्हती.

रविवारी इम्तियाज न्हावऱ्याहून चौफुल्यामार्गे वरवंडला पोचला तेव्हा हायवेलगत मंडप उभा होता आणि मंडपाच्या तोंडाला फ्लेक्स. फ्लेक्सवर एकोणचाळीस फोटो. त्यात समृद्धी शोधायला त्याला चष्मा लावावा लागला. ती खालच्या कोपऱ्यात होती, छपाईवाल्याच्या नंबरच्या वर.

गावात सकाळपासून लाईट नव्हती. सगळं जनरेटरवर. जनरेटर सांभाळायला भैरू, इम्तियाजचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. कमी बोलायचा, जास्त झोपायचा, पण जनरेटरचा आवाज एक फेर चुकला तर झोपेतून उठायचा.

"किती टाकी?" भैरूनं विचारलं.

इम्तियाजनं सूत्रसंचालक ज्ञानू गुरुजींच्या हातातली यादी बघितली. "फुल."

*

साडेतीनचा कार्यक्रम चारला दहा कमी असताना सुरू झाला. दीपप्रज्वलनात वाऱ्यानं सात मिनिटं खाल्ली. मग स्वागत. मग सत्कार, गोवईकरांचा एक, आणि त्यांच्या निमित्तानं गावातल्या चौदा जणांचे चौदा. एकाला शाल दिली आणि त्याच्या चुलतभावाला नाही, असं वरवंडला चालत नाही. चौदावा नारळ देऊन झाला तेव्हा ज्ञानू गुरुजींच्या ध्यानात आलं की पंधरावे पाहुणे आताच आलेत. मग पंधरा.

गोवईकर डोक्यावर फेटा सावरत बसले होते. मांडीवर गरम पाण्याचा थर्मास. दर थोड्या वेळानं ते घोट घ्यायचे आणि घोट घेता घेता मनगटावरचं घड्याळ बघायचे. इम्तियाजनं ते घोटही मोजले.

पावणेपाचला समृद्धी मंडपाच्या मागून मिक्सरपाशी आली. व्हायोलिन काखेत.

"मामा, अजून किती?"

"यादीत पाच. आन् यादीत नसलेलं तीन. ते बघ, पहिल्या रांगेत खाकरायलेत."

"भीमपलासी गेला हातातनं. तीन वाजताचा राग. आता मुलतानी लावलाय."

"आन् अजून उशीर झाला तर?"

"दिवेलागणीला पूरिया धनाश्री."

"त्याच्या बी पुढं?"

"यमन."

"आन् यमनच्या टायमाला पाव्हणं कुठं?"

"दौंडच्या फलाटावर," ती म्हणाली आणि हसली. हसू चांगलं होतं. पण तिच्या डाव्या हाताची बोटं व्हायोलिनच्या गळ्यावर आपोआप धावत होती, आवाज न करता, दप्तर भरून बस चुकलेल्या पोरासारखी.

"आबांना सांग की."

"सांगितलं. म्हणाले, 'माणसांचा मान ठेवला तर माणसं टाळ्या वाजवतात. तू काळजी करू नको, तुझंच तर चाललंय.'"

ते खोटंही नव्हतं. व्यासपीठावरचा प्रत्येक जण तिच्याबद्दलच बोलत होता. एकानं तिला गावची लेक म्हटलं, दुसऱ्यानं तालुक्याची, तिसऱ्यानं महाराष्ट्राची; चौथ्याला महाराष्ट्राच्या पुढं काय म्हणावं सुचेना म्हणून तो ऊसदराकडं वळला. त्यानं वीस मिनिटं घेतली. 'दोनच शब्द' वाला होता.

पाच वाजून वीस मिनिटांनी ज्ञानू गुरुजी म्हणाले, "आणि आता अध्यक्षीय मनोगत."

बापूसाहेब उठले. जाकिटाच्या आतल्या खिशातून त्यांनी कागद काढले. इम्तियाजनं लांबूनच मोजले. अकरा पानं, पाठपोट.

अडतीस मिनिटं. म्हणजे सहाला दोन कमी. त्यानंतर आभार, त्यानंतर पाहुण्यांची गाडी. अर्धा तास कुठंच बसत नव्हता. बेरीज कशीही मांडली तरी.

अनुपमाबाई व्यासपीठाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी हताशपणे मंडपाच्या टोकाकडं बघितलं. तिथं इम्तियाज होता.

"नातीचं कौतुक आजोबानं करू न्हाई," बापूसाहेब सुरू झाले, "म्हनून मी तिच्याविषयी काईच बोलनार न्हाई. मी सुरवात करतो एकोनीसशे बहात्तरच्या दुष्काळापासनं..."

इम्तियाजनं पहिल्या रांगेकडं बघितलं. तिथं मांडवगणच्या यात्रा कमिटीचे दोघं बसले होते. चैत्रातल्या यात्रेची सुपारी आज कार्यक्रम झाल्यावर पक्की करायची होती. त्यांना इम्तियाजबद्दल एकच गोष्ट माहीत होती. जी पाटीवर लिहिलेली होती. मग त्यानं पाटीचा विचार केला, बापाचा केला, सत्तावीस वर्षांचा केला. या सगळ्याला अर्धं मिनिट लागलं. तोवर बापूसाहेब बहात्तरच्या मार्चात आले होते.

खरा बिघाड कसा येतो हे बिघाड न येऊ देणाऱ्याइतकं कुणाला माहीत नसतं. तो एकदम येत नाही. आधी खरखर येते. इम्तियाजनं माईकची पिन अर्धा दोरा मागं ओढली. खर्रर्र. बापूसाहेब थांबले, माईकवर दोन टिचक्या मारल्या. पिन पुन्हा आत. "तर सुकडी वाटायचं काम..." पिन पुन्हा मागं. खर्र, फट्. आणि मग काही नाही.

"इम्तियाज!" बापूसाहेब ओरडले. तेही पहिल्या चार रांगांपुरतंच गेलं.

इम्तियाज दोन्ही हात वर करून धावपळ केल्यासारखा उठला आणि थेट मंडपामागं गेला.

"भैरू, बंद कर."

"काय बंद करू?"

"जनरेटर."

भैरूनं त्याच्याकडं निरखून बघितलं. "मालक, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. कर."

जनरेटर बसला. त्याच्याबरोबर मंडपातले चौदा पंखे बसले. आणि वरवंडच्या त्या मांडवात अशी शांतता आली की लोक एकमेकांकडं बघायला लागले. दुपारपासून आपण कशाच्या आवाजात बसलोय हे तो थांबल्यावर कळलं.

दुसऱ्या एका पुढाऱ्यानं उभं राहून बिनमाईकचं बोलायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वाक्याला आवाज फाटला. मागच्या बायकांत खसखस पिकली, आणि तो बसला. बापूसाहेब अकरा पानं हातात घेऊन तसेच उभे. इम्तियाज मिक्सरपाशी परत आला, वायरींत डोकं घातलं, आणि डोकं घालता घालता स्टेजच्या पायरीवर बसलेल्या समृद्धीकडं बघितलं. पालथा पंजा हवेत धरला, आणि हळूहळू खाली आणला.

तिला एक क्षण लागला. मग ती ताडकन उठली.

अनुपमाबाई तिच्या आधीच उभ्या होत्या. वर्गात बोलतात तसा त्यांचा आवाज. "बापूसाहेब, बिघाड निघेपर्यंत मुलगी वाजवेल. तिचं वाद्य विजेवर चालत नाही. ज्यांना ऐकायचंय त्यांनी पुढं या."

बापूसाहेब काय म्हणणार? 'नको' म्हणावं तर नात. त्यांनी पानं खिशात घातली आणि खुर्चीत बसले. मागच्या बायका पोरं काखेला मारून पुढं आल्या, सतरंजीच्या कडेला दाटून बसल्या. समृद्धी मांडी घालून बसली, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवलं. तबल्याला दौंडचा सार्थक. त्यानं कान लावून हलक्या हातानं तबला जुळवला.

पाच वाजून सत्तावीस मिनिटं.

मुलतानीचा पहिला सूर आला तो इतका हळू, की सगळ्या मंडपाला पुढं झुकावं लागलं. सातशे माणसं एकदम पुढं झुकलेली इम्तियाजनं कधी बघितली नव्हती. मोठ्या आवाजासमोर माणसं मागं रेलतात. ती घाई करत नव्हती. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतल्या प्रत्येकाची विचारपूस करत होती. खाकरणारे तिघं खाकरायचे थांबले.

दहाएक मिनिटं झाली असतील, आलाप वर चढत होता, तेवढ्यात हायवेवरून एक ट्रक गेला आणि त्यानं भोंगा दिला. लांब, जाड, मांडव हलवणारा. गोवईकरांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या कपाळावर आठी आली. समृद्धीचा गज थांबला. अनुपमाबाई मात्र हसल्या. 'बोल, कुठल्या सुरात गेला?'

पोरीनं भोंग्याचा सूर तारेवर उचलला. तंतोतंत. भोंगा हायवेवर विरला तो तिच्या हातात सुरू झाला. रागाबाहेरचा होता, आडदांड होता. तिनं त्याला हाताला धरलं, एकेक पायरी उतरवत आणलं आणि षड्जाच्या ओसरीवर बसवलं. मांडवातनं 'वाऽ' असं निघालं. ते गोवईकरांच्या तोंडून होतं की मांडवगणच्या यात्रा कमिटीच्या, हे इम्तियाजला सांगता आलं नसतं. गोवईकरांनी डोळे उघडले, फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि त्यानंतर घड्याळाकडं एकदाही बघितलं नाही. घड्याळाकडं इम्तियाज बघत होता.

सहाला एक कमी असताना तिनं गज उचलला. बत्तीस मिनिटं.

टाळ्या संपेपर्यंत बापूसाहेबांची गाडी मंडपाच्या तोंडाशी आली होती. गोवईकर निघता निघता मिक्सरपाशी थांबले.

"सापडला का फॉल्ट?"

इम्तियाजनं वायरीतून डोकं न काढता सांगितलं, "तुम्ही गाडीत बसला की सापडंल, साहेब."

गोवईकरांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं, मान हलवली आणि गेले. गाडी हायवेला लागली, आणि फॉल्ट सापडला.

*

पुढं जे व्हायचं ते झालंच. बापूसाहेबांनी माईक चालू झाल्याबरोबर पहिलं वाक्य इम्तियाजवर खर्च केलं : "ज्याच्या पाटीवर आवाज जानार न्हाई लिवलंय, त्याचा आवाज माज्या दारात गेला." मांडवगणची माणसं सुपारी न देताच उठली. "बघू, आजून टाईम हाय," म्हणाली. म्हणजे काय ते दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना कळतं. परतताना चौफुला आला. भैरू म्हणाला, "पिन मागं वढताना मी बघितलं." न्हावऱ्याला उतरून त्यानं स्वतः दोन भेळ आणल्या.

घरी खुर्शिदनं सगळं ऐकून घेतलं.

"पाटी आता काय करायची?"

"काय करायची म्हंजी?"

"खाली एक वळ वाढवा. आवाज जाणार नाही. घालवला तरच जाईल."

मंगळवारी समृद्धीचा फोन आला. आधी नुसतं रडणं, मग नुसतं हसणं, मग बातमी : यादीत नाव लागलं. शनिवार, दुसरी बैठक, पाऊण तास. "गोवईकर सर म्हणाले, भोंगा कुठल्या स्वरात होता ते लिहून पाठव."

इम्तियाजनं वहीत बत्तीस लिहिलं होतं, त्याच्याखाली रेघ मारली.

गुरुवारी दुकानासमोर बापूसाहेबांची जीप थांबली. इम्तियाज उठून उभा राहिला. बापूसाहेब आत आले, खुर्ची पुढं ओढली, बसले, आणि अॅम्प्लिफायरकडं बोट केलं.

"ह्या यंत्राला कळतं व्हय रं, कोन कवा उठलाय ते?"

"चुकलं, बापूसाहेब."

"गप. माजी अकरा पानं ऱ्हायली. तीन दिस बसून लिवलेली." त्यांनी आलेला चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायले मात्र नाहीत. "इम्तियाज, त्या पोरीचं मी अकरा सत्कार केलं. एका बी टायमाला खाली बसलो न्हाई. ह्याला पुढं घे, त्याला शाल आन, फलाना आला का बघ. त्या दिशी मला कामच न्हवतं. माईक न्हाई, पंखा न्हाई, बसलो. म्हनून ऐकली. आरं, पोरगी वाजवती! मला कुनी तरी सांगायचं!"

"अकरा वेळा तुम्हीच सांगितलं की, बापूसाहेब. सगळ्या गावाला."

बापूसाहेब असे हसले की बशीतला चहा धोतरावर आला. हसून झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"पंधरा तारखेला दूध संस्थेची वार्षिक सभा हाय. आमचं व्हाइस चेअरमन बोलनार. तुजा त्यो फॉल्ट... तितं येतो का?"

"किती मिनिटांनी पायजे?"

"धा लई झाली. सात."

"येईल."

"आन् मी उठल्यावर?"

"तुमच्या टायमाला बी येईल," इम्तियाज म्हणाला. "पण पंधरानं."

बापूसाहेबांनी बरीच घासाघीस केली आणि गोष्ट अठरावर मिटली.

कसं कुणास ठाऊक, ही गोष्ट फुटली. (भैरू कमी बोलतो, पण एकच गोष्ट बोलायची असेल तर तो सगळ्यांना सांगतो.) महिनाभरात तळेगावच्या गाळ्यावर लोक यायला लागले. एका मुलीचा बाप आला. व्याह्यांकडचे एक मामा लग्नात आशीर्वादपर बोलणार होते. शाळेचे हेडमास्तर आले. त्यांनी तर नावंच लिहून आणली होती, पुढं मिनिटांसकट. मांडवगणची यात्रा कमिटीही आली. "सुपारी पक्की समजा," म्हणाले. "पर कुस्त्या लावायच्या आधी भाषनं हायेत. सहा."

*

जानेवारीत पुण्याला दोन जीप भरून गेल्या. इम्तियाज, खुर्शिद, भैरू, समृद्धीच्या घरची झाडून सगळी. दुपारीच पोचले, कारण समृद्धीनं मामाला साऊंड बघायला बोलावलं होतं. तिथलं मिक्सर तळेगावच्या गाळ्याएवढं लांब, आणि त्यामागं हेडफोन लावलेले दोन तरुण इंजिनीअर. समृद्धी स्टेजवर बसली, दोन सूर वाजवले आणि पालथा पंजा खाली आणला. इंजिनीअरांनी थोडं खाली केलं. पंजा अजून खाली. ते एकमेकांकडं बघायला लागले.

"अजून उतरवा," मागून इम्तियाज म्हणाला. "घाबरू नका. ती थांबवंल तिथं थांबायचं."

संध्याकाळी मैदान गच्च भरलं. इम्तियाजनं सवयीनं डोकी मोजायला घेतली आणि दुसऱ्या हजारात सोडून दिली. स्टेजमागं पडदा, पडद्यावर समृद्धीचं नाव, आणि फोटो एकच, तिचा. बापूसाहेब त्याच्या शेजारी बसले होते. व्यासपीठावर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्यांनीही चौकशी केली नव्हती. जाकिटात कागद नव्हते. इम्तियाजनं जीपमध्ये बसतानाच बघून घेतलं होतं.

समृद्धी येऊन बसली. व्हायोलिन जुळवलं, गज मांडीवर ठेवला. निवेदक माईकपाशी आले. झुळझुळीत कुर्ता, हातात पॅड. त्यांनी मैदानाकडं डोळे भरून पाहिलं.

"या गुणी कलाकाराविषयी," ते म्हणाले, "मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे."

बापूसाहेबांनी इम्तियाजच्या मांडीवर हात दाबला आणि कानाशी तोंड नेलं.

"इम्तियाज, हितलं मशीन तुज्या वळकीचं हाय का रं?"